आमच्या पोरींचा कोच

देशाच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक शोधणं चालू होतं, त्या दिवसांत परभणीत स्टेडियमजवळच्या हॉटेलात आम्हा मंडळींचा चहा लांबायला लागला. परदेशी आणावा की आपला, यावर रोज नव्यानं वाद व्हायचा. सगळ्यात जोरात बोलायचे ते आमच्या जिल्हा फुटबॉल समितीचे अध्यक्ष. पेशानं वकील, त्यामुळे मुद्दा मांडायची सवय. ते म्हणायचे, ज्याला पोरं ओळखतात, ज्यानं त्यांच्यासंगं मैदानात घाम गाळलाय, असाच माणूस पाहिजे, आणि एकदा नेमला की मध्ये कुणी बोट घालू नये. मला ते मनापासून पटायचं. मी आयुष्यभर शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि निवृत्तीनंतर त्याच समितीवर सभासद होतो.

त्याच महिन्यात आम्हालाही एक प्रशिक्षक नेमायचा होता. जिल्ह्याचा मुलींचा संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. माझ्या मते त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. झरीची एक बाई कित्येक वर्षं गावातल्या शाळेमागच्या मैदानावर पोरींना शिकवत होती. लहानपणी ती माझ्याच हाताखाली खेळली, तेही पोरांमध्ये, कारण तेव्हा दुसऱ्या पोरीच नव्हत्या. पुढं खासगी शाळेत शिक्षिका झाली, सुट्टीत पुण्याला जाऊन प्रशिक्षणाची परीक्षा पास झाली. संघातल्या निम्म्याहून अधिक पोरी तिनंच घडवलेल्या. पालमची एक डावखुरी, डाव्या पायानं खेळणारी पोरगी तर दर रविवारी एसटीनं तिच्याकडं यायची.

बैठकीत मी तिचं नाव सांगितलं. अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला तो तिचं लग्न झालंय का, असा. झालंय म्हटलं. लेकरू? आहे, लहान आहे. मग ती बाहेरगावी कशी जाईल, असं ते स्वतःशीच पुटपुटले. त्यानंतर खजिनदारांनी तिचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून जे कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं. खजिनदार नुसते "बरं, बरं" म्हणाले आणि त्यांनी आपल्या भाच्याचं नाव पुढं केलं. भाचा शहरात जिम चालवायचा. कधीकाळी क्रिकेट खेळलेला. फुटबॉलशी त्याचा काय संबंध, असं मी विचारलं, तर पोरगा चांगल्या घरचा आहे, असं उत्तर मिळालं.

अध्यक्ष मला समजावत म्हणाले, "सर, माणूस योग्य पाहिजे."

"योग्य म्हणजे कसा?"

"आता तुमाला काय सांगायचं. समजून घ्या ना."

माझं डोकं फिरलं. हॉटेलात रोज ते जे बोलत होते, ते मी त्यांना शब्दाला शब्द ऐकवलं. ज्याला पोरी ओळखतात असा माणूस पाहिजे ना, त्यांच्यासंगं घाम गाळलेला पाहिजे ना? मग ही कोण आहे?

ते हसले. "ते देशाचं हाय सर. हे आपल्या जिल्ह्याचं हाय."

एवढ्यावर विषय संपला. देशाच्या संघासाठी ज्यांनी आठवडेच्या आठवडे डोकं खपवलं, त्यांनी आपल्या पोरींचा निर्णय समोरचा चहा निवायच्या आत घेतला.

तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी झरीला गेलो. सकाळचा सराव चालू होता. काळ्या रानाला लागून ते मैदान. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात बूट रुतून बसतात. मी तिला बाजूला घेऊन काय ठरलं ते सांगितलं. मग तिनं विचारलं, माझ्याबद्दल त्यांनी काय काय इचारलं? मी काही झाकलं नाही. नवऱ्याचं, लेकराचं, आडनावाचं, सगळं सांगितलं.

"अन् खेळाबद्दल?"

"न्हाई. कुणीच न्हाई."

"थांबा सर, पोरी थंड पडायल्यात," असं म्हणून ती मैदानात परत गेली.

स्पर्धेला मीही गेलो. नव्या प्रशिक्षकानं, म्हणजे खजिनदारांच्या भाच्यानं, नव्या ट्रॅकसूटमध्ये पोरींसोबत फोटो काढून घेतले. सामना सुरू झाला तेव्हा पालमची डावखुरी पोरगी डावी बाजू सोडून उजव्या बाजूला उभी होती. गोलरक्षक पोरीचं बोट सुजलं, तर प्रशिक्षक सामना झाल्यावर बर्फ लाव म्हणाला. तिची बदली खेळाडू बाकावर तशीच बसून राहिली. हा सगळा वेळ झरीची बाई दोरीच्या पलीकडं प्रेक्षकांत उभी होती. पदरच्या खर्चानं आली होती. नवऱ्यानं रजा काढली होती आणि लेकरू त्याच्या खांद्यावर झोपलं होतं. बाहेरून ओरडलं तर पोरींनाच त्रास होईल म्हणून ती ओठ मिटून उभी होती.

मध्यंतरात डावखुरी पोरगी धावत दोरीपाशी गेली. तिला पाहून प्रशिक्षक भडकला. "तुमची कोच ती न्हाई, मी हाय."

पोरगी वळली. "मग सांगा ना सर, मी कुठं खेळू?"

तो इकडंतिकडं पाहत राहिला. पोरगी वाट पाहत त्याच्यासमोर उभी राहिली. आम्ही हरलो, वाईट हरलो.

परत आल्यावर बैठक झाली. मला वाटलं, आता तरी कुणी शरमेल. तिथं ठरलं असं की पोरींना शिस्त नाही, आणि उलट बोलली या प्रशिक्षकाच्या तक्रारीवरून पालमच्या पोरीला वर्षभर संघाबाहेर ठेवायचं. मी तिथंच उभा राहिलो आणि समितीचं सभासदत्व सोडतो म्हणून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही लय मनावर घेता. हो, घेतो. पंधरा वर्षांच्या लेकरानं विचारलेल्या सरळ प्रश्नाचं उत्तर नसलेला माणूस तिला शिक्षा करा म्हणतो आणि मोठी माणसं माना डोलावतात, हे मनावर घ्यायचं नाही तर काय घ्यायचं?

पुढं जे झालं ते पोरींच्या आईबापांनी केलं. पालमच्या पोरीचा बाप, कोरडवाहू शेती करणारा गप्प गडी, चार गावांतल्या पालकांना घेऊन स्टेडियमवर समितीच्या कचेरीत आला. आवाज न चढवता म्हणाला, "आमच्या लेकी या माणसाच्या हाताखाली खेळणार न्हाईत." भाच्याला गुपचूप बाजूला केलं गेलं. शिक्षाही मागं घेतली. पण झरीच्या बाईला त्यांनी आजवर नेमलेलं नाही. पद रिकामं आहे. योग्य माणूस मिळत नाही म्हणतात. तात्पुरती मदत करा, असा निरोप मात्र तिला पाठवला होता. नेमायचं असेल तर नेमा, असं तिनं उलट कळवलं.

शिक्षा मागं घेईपर्यंत त्या हंगामाची राज्य संघाची निवड होऊन गेली होती. पुढच्या हंगामात डावखुऱ्या पोरीचं वय त्या गटात बसत नव्हतं. राज्याच्या निवडीपर्यंत जायची तिची ती एकच संधी होती. परवा ती मला बसस्टँडवर भेटली. कॉलेजात जायला लागली आहे, अजून खेळते. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "सर, आमच्यामागून आलेल्या पोरींना तरी कोच मिळाला का?"

मला तिला नाही म्हणून सांगावं लागलं.