मारियाच्या हातातली बादली

काल हॉलंडला शिकायला गेलेल्या लेकीचा फोन आला. ज्यांच्याकडे राहते, त्या बाईंनी तिला भांडी घासायला लावली होती. तिचा रडवेला आवाज ऐकताना मला कोमट दुधाचा वास आला.

नव्वदच्या दशकात तिथलीच मारिया शेती शिकायला काटेवाडीत आमच्या घरी राहिली होती. पाहुणी म्हणून आई तिला कशालाच हात लावू देईना. ती खाटेवर बसून गुपचूप डोळे पुसायची. तिसऱ्या आठवड्यात आईचा हात मुरगळला. मारियानं न विचारता बादली घेतली आणि गाईची धार काढली.

आई म्हणाली, "उद्यापास्नं तूच काढायची हाय. उशीर केलास तर बोलणी खाशील."

मोडक्या इंग्रजीत मी ते सांगितलं. त्या दिवशी मारिया पोटभर जेवली.

लेकीला म्हटलं, "रडतेस काय? त्यांनी तुला घरातली मानलंय."