वॉर्डातला चष्मा

मोठ्या सिस्टर वॉर्डात शिरल्या की पेशंटसुद्धा चादरी सारख्या करीत. ताठ मान, खणखणीत आवाज, आणि काय ती ऐट! त्या ऐटीपायीच त्यांनी कधी चष्मा केला नाही. बारीक अक्षर वाचायची वेळ आली की औषधांच्या कपाटाचा खण हळूच उघडायचा. कुणा पेशंटचा विसरलेला चष्मा तिथं पडलेला असे. वय लपवणाऱ्या साऱ्याजणी तोच नाकावर चढवीत.

त्या दिवशी आयामावशी लालभडक डोळ्यांनी हजर झाल्या.

"काय मावशी, नवऱ्याशी भांडलात वाटतं?" एका नर्सनं विचारलं.

"भांडायला तो जागा कुठं असतो! डोळे आलेत मेले."

दुपारपर्यंत आणखी दोघी डोळे चोळू लागल्या. मोठ्या सिस्टर कडाडल्या, "फोन पुसा, दाराच्या मुठी पुसा, पेनं पुसा!" सगळं पुसून झालं. मग इंजेक्शनच्या बाटलीवरचं वाचायला त्यांनी खण उघडला. रिकामा.

"अहो, काल तुम्हीच नाही का नेलात घरी?" मावशी म्हणाल्या.

सिस्टर तशाच घरी निघाल्या. यजमानांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या एकाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. काल थेंबांची बाटली वाचायला तो चष्मा त्यांनी लावला होता, नाकावर सारखा केला होता, आणि त्याच बोटांनी यजमानांची पापणी खाली ओढली होती. जन्मभर दुसऱ्यांना हात धुवायला लावणारी बाई!

घरी पोचल्या, पण उंबरठ्यातच थबकल्या. आत यजमान पडून होते, शेजारी नणंद भाजी निवडत होती.

"वन्सं, हात साबणानं धुवा आणि ह्यांच्या डोळ्यावरची पट्टी काढा."

"मी? अगं वहिनी, नर्स तू की मी?"

"मला अक्षर दिसत नाही हो," सिस्टर उंबरठ्यातूनच म्हणाल्या. "सगळ्यांचा चष्मा लावला मी. डोळे आलेल्यांचा."

नणंदेनं पट्टी काढली. डोळा लाल झाला होता.

"खुपतंय का, अहो?"

"सकाळपासून जरा. तू दमून येशील, म्हटलं कशाला सांगा."

नणंद भावाला धरून रिक्षात बसली. सिस्टर दुसऱ्या रिक्षानं मागोमाग गेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या.

"साथ लागलीय. ऑपरेशनच्या जागेपर्यंत पोचलेली दिसत नाही. पण आज खात्री देत नाही. उद्या परत आणा."

"ती कुठंय?" यजमानांनी विचारलं.

"इथंच आहे मी."

त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. सिस्टरांनी आपले दोन्ही हात पाठीमागं घट्ट आवळून धरले.