खोटा काटा आणि ठोंबरे सर

"काटा तू कशाला बनवतेस गं? तो तुला बाहेरनं देतील." कर्जतच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नवी असताना ठोंबरे सर हे म्हणाले होते. आज साठी पूर्ण करून ते निवृत्त होत आहेत, आणि मला तेच वाक्य आठवतं आहे.

कडावच्या एका डेअरीसाठी मी दूधनोंदीचा प्रोग्राम लिहीत होते आणि वजनकाट्याची जोडणी त्याच्या आतच करून बसले होते. त्यामुळे एक ओळ तपासायची तरी डेअरीतला काटा मोकळा होण्याची वाट बघावी लागे. सरांनी ती जोडणी बाहेर काढली. आपल्याला काटा लागतो, एवढंच प्रोग्रामला माहीत असावं. कुठला, ते बाहेर ठरवून तो प्रोग्रामच्या हाती द्यावा. डेअरीत खरा काटा, ऑफिसात सरांनी लिहिलेला खोटा, जो काहीही न तोलता नेहमी एकच वजन सांगे. याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात, हे त्यांनी नंतर सांगितलं.

एकदा सर स्वतःच चुकले. डेअरीत खोटा काटाच जोडलेला राहिला आणि सकाळी सगळ्यांचं दूध सारखंच भरलं. एक म्हातारे शेतकरी रांगेतल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माजी म्हस आटत आली हाय, त्याची ताजी व्यायलेली. दोगींचं दूद सारकं? तुमच्या मशीनला म्हशी दिसत नाय वाटतं." सगळे हसले, सरही हसले. मग चूक आपली आहे असं सांगून त्यांनी प्रत्येकाची माफी मागितली. तेव्हापासून आमचा खोटा काटा सुरू होतानाच पडद्यावर आपण खोटे असल्याचं सांगतो.

आईच्या आजारपणात मी खालापूरला राहिले, तेव्हा सरांनी माझं काम दुसऱ्या एका सहकारिणीच्या हाती दिलं आणि ऑफिसातून मला एकही फोन येऊ दिला नाही. आपल्यावाचून काहीच अडलं नाही, याचं मला वाईट वाटलं. मी परतल्यावर सर म्हणाले, "अडलं असतं, तर आईजवळ बसता आलं असतं का तुला?"

गेले काही महिने सर स्वतःचं कामही तसंच एकेक करून आमच्या हाती देत होते. त्यांच्या जागी आता कुणीही उभं राहू शकेल. याचा अभिमान वाटतो, आणि वाईटही.

सरांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. आता ते कडावला स्वतःची भातशेती करणार आहेत; तिथे त्यांची पाठ कधी न दुखो.

आणि सर, एक विनंती. दर सोमवारी ऑफिसात येऊन बसा. "माझ्यावाचून काय अडतंय?" असं विचारून तुम्ही नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. काही अडत नाही, सर. तरीही या.