माइक चालू होता

अ‍ॅडलेडच्या आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर ट्रेव्हर पास्को तीस वर्षं पोट उघडून ऑपरेशनं करत आले. सत्तावन्नाव्या वर्षी ते रोबोटच्या हातांनी ऑपरेशन करायला शिकू लागले. शिकवणारी डॉक्टर त्यांना पास करते की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

पेशंटपासून चार हात लांब, रोबोट चालवायच्या यंत्रात डोकं घालून ते टाके घालत होते. दोऱ्याचा ताण त्यात बोटांना कळत नाही. दोरा दोनदा तुटला. पेशंटजवळ आमची जुनी नर्स लोर्ना उभी होती. ते पुटपुटले, "म्हातारी झाली ही. धड दोरासुद्धा देता येत नाही."

यंत्रातला माइक चालूच असतो. स्पीकरवर ते सगळ्यांनी ऐकलं. पेशंटची भूल सांभाळता सांभाळता मी मान खाली घालून मनात देवाचं नाव घेतलं.

लोर्ना म्हणाली, "तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे रे, ट्रेव्हर. नवा दोरा आत सोडलाय. ओढताना मांस पांढरं पडलं की थांब."

टाके नीट पडले, तरी त्यांना डोकं बाहेर काढवेना. शेवटी त्याच माइकवर म्हणाले, "लोर्ना, दोरा मीच तोडला. चुकलो."

शिकवणारी डॉक्टर पास केल्याची सही करायला आली, तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला. "आज नको," म्हणाले.