जाहीर केलं ते झालं

एकवीस वर्षं मी डेटाबेस हातानं सांभाळले. हातानं म्हणजे काळ्या पडद्यासमोर बसून एकेक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायच्या आधी ती दोनदा वाचायची, आणि दाबल्यावर श्वास रोखून बघत बसायचं. कुणाला नवा वापरकर्ता हवा असेल तर माझ्याकडे या. बॅकअप हवाय, माझ्याकडे या. काही चुकून पुसलं गेलंय, तर तोंड पाडून माझ्याकडे या. लोक मला भ्यायचे. त्या नोकरीत दुसरी कुठलीच चैन नव्हती.

मग पुण्याहून नवे साहेब आले. आले म्हणजे व्हिडिओ कॉलवर आले. प्रत्यक्ष ते आमच्या शहरात दोन वर्षांत एकदाच आले, आणि तेव्हाही अर्धा दिवस वेरूळला गेला. पहिल्याच कॉलवर त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, आता तुम्ही काहीही करायचं नाही. काय हवंय ते फक्त जाहीर करायचं. करणारा दुसरा आहे."

हा दुसरा म्हणजे एक प्रोग्रॅम. आमचं सगळं सॉफ्टवेअर तेव्हा कंटेनर नावाच्या बंद डब्यांत हलवलं होतं. डबे कुठं ठेवायचे, बंद पडलेला डबा कधी बदलायचा, हे सगळं एक यंत्रणा आपणहून बघते. त्या यंत्रणेत डेटाबेसची देखरेख करायला हा खास प्रोग्रॅम बसवला होता. साहेब त्याला ऑपरेटर म्हणत. मी त्याला मुकादम म्हणायला लागले, आणि महिन्याभरात सगळं ऑफिस म्हणायला लागलं. एका फाइलीत लिहायचं: अमुक नावाचा डेटाबेस असावा, त्याच्या तीन प्रती असाव्यात, बॅकअप रोज रात्री दोन वाजता व्हावा, या माणसाला वाचता यावं पण खोडता येऊ नये. बस. मुकादम ती फाइल दिवसभर वाचत बसतो, आणि फाइलीत आहे तसं जग करून ठेवतो. एक प्रत मेली तर दुसरी उभी करतो. कुणी हातानं काही बदललं तर ते परत फाइलीप्रमाणे करून ठेवतो. रजा मागत नाही, चहाला जात नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उलट विचारत नाही.

मला हे समजायला आठवडा लागला. माझ्या वडिलांना एका संध्याकाळीत समजलं.

आबा मूळचे करमाडचे. नोकरी पंचायत समितीत शिपायाची. बोर्डावर सूचना चिकटवणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. योजना जाहीर झाली की खळ लावून कागद चिकटवायचा, योजना विसरली गेली की ओला फडका लावून काढायचा. दोन्ही किडन्या गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात, कारण सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला शहरात यावं लागतं. सेंटर जालना रोडवरचं, एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर. आणि त्या सेंटरचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं. कुणाचं वजन किती, कुणाला कुठलं औषध किती, कुणाची पाळी कधी, हे सगळं ज्या डेटाबेसात असतं त्याची राखणदार मी. आबा ही गोष्ट तिथल्या प्रत्येक पेशंटला सांगून आले होते. दौलताबादहून येणाऱ्या एका आजोबांनी तर मला त्यांची पाळी सकाळची करून द्यायला सांगितलं होतं, जणू मी तिकीट खिडकीवर बसते.

"म्हंजी तू नुसतं लिवतीस आन् ते व्हतंय?" आबांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"लई झालं. आमच्या टायमाला जाहीर केलं की काम संपायचं." ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "आन् सही कोनाची लागती त्याला?"

सही माझी लागायची. म्हणजे फाइलीत कुणीही बदल केला तरी तो आधी माझ्यासमोर यायचा, मी तो वाचून 'मंजूर' दाबायचं, मगच तो मुकादमापर्यंत जायचा. सुरुवातीला मी प्रत्येक ओळ वाचायचे. मग बदल दिवसाला वीस-तीस यायला लागले. कुठं स्वल्पविराम, कुठं तीनाचे चार. वर्षभरानं मी त्या बदलांकडे लग्नपत्रिकांकडे बघतात तशी बघायला लागले. आपलं नाव बरोबर आहे ना, मग ठीक.

आता ते नाव.

आमच्या शहराचं नाव बदललं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलले, रबरी शिक्के बदलले. घरात दोन्ही नावं चालत राहिली. रिक्षावाल्याला कुठलंही सांगा, तो मीटर टाकत नाही तो नाहीच. पण कागदाचं तसं नसतं. सेंटरच्या व्यवस्थापकांचं आम्हाला पत्र आलं की रिपोर्टवर, पावतीवर, जिथं म्हणून शहराचं नाव येतं तिथं नवीन नाव यायला हवं. पुण्याच्या साहेबांनी ते पत्र आम्हाला पुढं पाठवलं आणि वर एकच शब्द लिहिला: 'सगळीकडे.' साहेब थोडक्यात लिहिण्याबद्दल प्रसिद्ध होते. लांब लिहायला आम्ही होतोच.

हे काम छावणी भागातून येणाऱ्या माझ्या सहकाऱ्याकडे गेलं. अतिशय नीटनेटका माणूस. जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा रेषेत लावतो. त्यानं दोन दिवस बसून सगळ्या फाइली धुंडाळल्या, आणि बुधवारी सकाळी साडेनऊला माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, रिपोर्ट में हो गया, पावती में हो गया. पर डेटाबेस के नाव में भी पुराना शहर है. वो भी बदल दूं क्या?"

मी पोह्यांचा घास तोंडात घेतला होता. त्या सकाळी माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. आबांना दोन दिवस काळी शी होत होती, आणि ते त्यांनी मला आदल्या रात्री सांगितलं होतं, तेही मी तीनदा विचारल्यावर. मी सेंटरच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव असू शकतो, सकाळी लवकर पाठवा, बघतो, आणि उद्या मशीनवर हेपारिन बंद ठेवू. हेपारिन म्हणजे मशीनमधून रक्त फिरताना ते गोठू नये म्हणून देतात ते औषध. आबांची पाळी अकराची, पण नवऱ्यानं त्यांना साडेआठलाच सेंटरवर सोडलं होतं. पावणेनऊला आबांचा फोनही आला होता: "डागदरनं बघितलं. ते अवशिद बंद म्हनले. कंप्युटरात लिवलंय त्यांनी. तू जेव."

तर माझ्या तोंडात पोहे होते आणि समोर नीटनेटका माणूस प्रामाणिक प्रश्न घेऊन उभा होता. मी म्हणाले, "कर ना. साहेबांनी सगळीकडे म्हटलंय."

पाच मिनिटांत त्याचा बदल माझ्यासमोर आला. चाळीस फाइली. मी मंजूर दाबलं.

इथं आमच्या भागाच्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाहीरनाम्यांवर वाढलेली माणसं. पाणी येणार, रेल्वे येणार, कारखाना येणार हे सगळं आम्ही ऐकलेलं असतं, आणि ऐकून आपापल्या कामाला लागलेलो असतो. लिहिलेली गोष्ट लिहिल्याबरोबर होते, ही भीती आमच्या रक्तातच नाही. संपूर्ण मराठवाड्यात लिहिलेल्या शब्दाची तंतोतंत अंमलबजावणी करणारा एकच इमानदार कर्मचारी होता, तो म्हणजे आमचा मुकादम, आणि तो माणूस नव्हता.

मुकादमाला नाव बदलणं हा प्रकार माहीत नाही. त्यानं फाइल वाचली. जुन्या नावाचा डेटाबेस फाइलीत नाही, म्हणजे तो नको आहे. नव्या नावाचा डेटाबेस फाइलीत आहे पण जगात नाही, म्हणजे तो बनवायचा. आणि नको असलेल्या डेटाबेसमधल्या माहितीचं काय करायचं, ठेवायची की काढायची, याची एक ओळ असते. चाचणीच्या दिवसांत जागा भरत होती म्हणून मीच तिथं 'काढा' लिहिलं होतं. मग तीच फाइल नक्कल करून खऱ्या कामाला वापरली, आणि ती ओळ 'ठेवा' करायची हे माझ्या वहीत बारा महिने होतं. मुकादमानं जुना डेटाबेस काढला, नवा, कोरा, स्वच्छ, नव्या नावाचा उभा केला, आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवली. सगळं जाहीर केल्याप्रमाणे.

दहाला पाच कमी असताना सेंटरहून फोन आला की पडद्यावर एकही पेशंट दिसत नाही.

सहकारी पांढरा पडला होता. साहेब कॉलवर आले, त्यांच्यामागे सुंदर झाड होतं. ते म्हणाले, "घाबरू नका, परत आणणंसुद्धा जाहीर करता येतं." खरंच येतं. दोन पर्याय होते. एक, रात्री दोनचा बॅकअप जसाच्या तसा आणा. दुसरा, तो आणून त्यावर सकाळी साडेनऊपर्यंत झालेल्या सगळ्या नोंदी, ज्यांची यादी वेगळी जपलेली असते, एकेक करून चढवा. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि तो आम्ही कधी करून बघितलेला नव्हता. साहेब दर चार मिनिटांनी विचारत होते, किती वेळ. मी मनात म्हटलं, रात्री दोन ते सकाळी साडेनऊ. एवढ्यात कोण काय मोठं लिहितंय?

मी पहिला पर्याय लिहिला. सात ओळी. पावणेअकराला सगळे पेशंट पडद्यावर परत आले आणि हिरवी खूण लागली. साहेबांनी सर्वांचं अभिनंदन केलं. मला म्हणाले, "बघा मॅडम, जुन्या पद्धतीत दिवस गेला असता." मी हसले. खरं सांगते, मला अभिमान वाटला. साहेबांनी सेंटरला इंग्रजीत मेलही पाठवला. सकाळच्या नोंदी पुन्हा तपासून घ्याव्यात हे त्याच्या पाचव्या परिच्छेदात होतं. ज्यांना पाठवला ते व्यवस्थापक त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते.

साडेतीनला नवऱ्याचा फोन आला. आबांना मशीनवरून काढल्यावर रक्ताची उलटी झाली होती. त्यांना वर आयसीयूत नेलं होतं. मी बॅग उचलली, जिना उतरले, आणि गेटपाशी मला पोहे आठवले, फोन आठवला, आबांचं ते 'कंप्युटरात लिवलंय' आठवलं. पावणेनऊ. रात्री दोन आणि साडेनऊ यांच्या मधलं पावणेनऊ. मी तिथंच फुटपाथवर बसले. वॉचमनने पाणी आणून दिलं.

त्यांना तीन बाटल्या रक्त चढवलं, दुर्बिणीतून पोटातला व्रण बंद केला. दोन दिवस ते आहेत की जातात, हे कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा तंबाखू मागितली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ठीक आहे.

ऑफिसात दरम्यान अहवाल झाला. अहवालाची पद्धत अशी की कुणालाही दोष द्यायचा नाही. फार प्रगत पद्धत आहे. त्यात लिहिलं की 'प्रक्रियेत सुधारणेस वाव आढळला.' ते वाचून मला वाटलं, प्रक्रियेला निदान तोंड असतं तर तिनं पोहे थुंकले असते. 'ठेवा'ची ओळ मी त्याच दिवशी घातली. आता मी प्रत्येक बदल वाचते, आणि लोक परत मला भ्यायला लागलेत.

चौथ्या दिवशी आबांना जनरल वॉर्डात आणलं. नवरा चहा आणायला गेला होता. मी स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगितलं: नाव, फाइल, मंजूर, दोन पर्याय, मी निवडलेला सोपा. एकही शब्द गाळला नाही. "आबा, हे माझ्यामुळं झालं," मी म्हणाले आणि रडले.

मग डोळे पुसले. मी विचारलं, "पण आबा, डॉक्टरांनी औषध बंद सांगितलं होतं हे तुम्हाला माहीत होतं. मशीन लावताना तुम्ही सिस्टरला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," आबा म्हणाले. "म्हनलं, बाई, सकाळी डागदर बंद म्हनले. तिनं कंप्युटर बघितला. म्हनली, बाबा, हितं तर चालूच हाय, डॉक्टरांना फोन लावून इचारते. तर मीच म्हनलं, नगं. माझ्याच ऐकन्यात काय तरी चूक झाली आसंल. ह्यो कंप्युटर माझ्या पोरीचा हाय."