इर्माने मारलेलं हरीण

लेम्पी हाउताला हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवायची. पेल्टोला गावात तिचा दरारा होता तो मात्र हरणांमुळे. नोव्हेंबरात शिकार सुरू व्हायच्या दिवशी मिशिगनच्या त्या उत्तरेकडच्या भागात शाळेलाही सुट्टी असते. बंदुका घेऊन निघालेल्यांना लेम्पी रस्त्यातच गाठायची.

"लहान नर मारू नका रे! दोन फाटे दिसले की लागलीच गोळी. मग भल्या मोठ्या शिंगांची ट्रॉफी काय आभाळातून पडणार?"

लोक हसायचे, पण ऐकायचे. हळूहळू आसपासच्या रानात खरोखरच दांडगे नर दिसू लागले. त्यातला एकही लेम्पीच्या बंदुकीसमोर आला नाही, ही गोष्ट वेगळी.

धाकटी बहीण इर्मा नवरा वारल्यावर डेट्रॉइटहून लेम्पीकडे राहायला आली. इर्मा आईची लाडकी. नवे मोजे विणून झाले की आधी इर्माच्या पायात जायचे. ते लेम्पी साठीतही विसरली नव्हती. आल्या आल्या इर्मा म्हणाली, "मलाही शिकव ना गं शिकार."

लेम्पीने शिकवली, आणि मन लावून शिकवली. "शिंगांकडे मागाहून बघायचं. आधी अंग बघ. मान खांद्याएवढी जाड, पोट लोंबलेलं, पाय आखूड वाटतायत, तर तो पुरा वाढलेला. कंबर बारीक आणि पाय लांब असले तर पोरगा आहे, जाऊ दे."

बसायला मात्र तिने इर्माला दलदलीकडचं लाकडी खोपटं दिलं. तिथे लेम्पीला आजवर खारींशिवाय काही दिसलं नव्हतं. मेपलच्या टेकाडावरची चांगली जागा तिने स्वतःकडे ठेवली.

पहिल्याच दिवशी सकाळी दलदलीकडून एकच बार ऐकू आला. 'मारली असेल एखाद्या खोडाला,' म्हणत लेम्पी खाली उतरली. इर्मा बर्फात बसून रडत होती. तिच्या पुढ्यात जो नर पडला होता, तसा लेम्पीने फक्त दुसऱ्यांच्या भिंतींवर पाहिला होता. शिंगं बुडाशी मनगटाएवढी जाड, दोन्हीकडे पाच-पाच फाटे.

"मारलंस की गं," लेम्पी म्हणाली. तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. इर्माचं रडणं थांबेना, म्हणून पोट फाडून आतडी काढायचं कामही लेम्पीलाच करावं लागलं.

गावात अर्वोच्या दुकानापुढे आडवा ओंडका बांधलेला असतो. मारलेली हरणं त्यावर टांगतात आणि सगळा गाव बघायला लोटतो. इर्माच्या नरापुढे बाकीची हरणं शेळ्यांसारखी दिसत होती.

"काय लेम्पी," म्हातारा वाल्फ्रिड ओरडला, "जन्मभर उपदेश केलास तू, आणि ट्रॉफी नेली धाकटीने!"

"अहो, सगळं तिनेच शिकवलंय," इर्मा घाईघाईने म्हणाली. "आधी एक कान फाटलेला लहान नर अगदी पुढ्यात आला होता. लेम्पीचं आठवलं आणि दिला सोडून."

लोकांनी लेम्पीसाठीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला थपडांसारख्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी दलदलीच्या खोपट्यात लेम्पी जाऊन बसली. बराच वेळ काही आलं नाही. मग झाडीतून तो कान फाटलेला नर बाहेर आला. बारीक कंबर, लांब पाय. खोपट्याकडे मान वळवून तो निवांत उभा राहिला. 'हा तिने सोडला,' लेम्पीच्या मनात आलं, 'सोडूनही तिला मोठा मिळाला.' आणि तिने चाप ओढला.

बार ऐकून इर्मा घसरगाडी ओढत धावत आली. पडलेल्या हरणाचा कान बघून ती थबकली.

"हा कालचाच ना गं?"

"कोवळं असतं मांस," लेम्पी म्हणाली.

इर्माने घसरगाडीची दोरी धरली. रस्त्याला लागल्या तेव्हा वाल्फ्रिडची गाडी येऊन थांबली. त्याने घसरगाडीवर नजर टाकली, टोपी सरळ केली आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. चिडवलं असतं तर बरं, असं लेम्पीला वाटलं.

संध्याकाळी सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, दोघी घाम गाळत बसल्या होत्या. इर्माने तापल्या दगडांवर पाणी टाकलं.

"तुला माझा राग येतो का गं?"

"येतो. आणि तू चारचौघांत माझे आभार मानतेस तेव्हा जास्तच येतो."

"बरं. नाही मानणार."

त्या लहान नराचं मांस दोघींना हिवाळाभर पुरलं. लेम्पी ते गुमान खायची. रस्त्यात कुणाला अडवणं तिने त्या वर्षापासून बंद केलं. कुणी कारण विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

वसंतात पेंढा भरलेलं मोठ्या नराचं डोकं घरी आलं. घरात मोठी भिंत एकच, लेम्पीच्या जेवणाच्या टेबलासमोरची. खिळा तिनेच ठोकला. आता पाहुणे आले, मान वर करून वा वा करू लागले, की लेम्पी कॉफी ओतता ओतता म्हणते, "उजव्या शिंगाचा एक फाटा टोकाला मोडलाय. बघितलात ना?"

"मोडलाय खरा," इर्मा म्हणते, आणि वेलचीचा पाव पाहुण्यांपुढे सरकवते.