दलालाच्या मनगटावरची गाठ

माझे वडील, आबा, बैलांचे दलाल होते. त्यांच्या उजव्या हाताला, मनगटाच्या जरा वर, करंगळीच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ होती. दुखत नव्हती. दाबली तर कातडीखाली इकडची तिकडे सरकायची. माझ्या जन्माआधीपासून ती तिथे होती आणि तिच्याबद्दल कुणी चार शब्द बोलावेत असं तिच्यात काही नव्हतं. बोलायचं कारण लोकांनी निर्माण केलं.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात. विकणारा दलालाची बोटं धरतो. किती धरली, नुसतं पेर दाबलं की सबंध पंजा, यावरून आकडा कळतो. मग दलाल घेणाऱ्याकडे जातो आणि त्याच्याही हातात हात देतो. भोवतीच्या माणसांना फडकं हललेलं तेवढं दिसतं. धानोऱ्याच्या बाजारात काय, शहाद्याला काय, आमचा संसार त्या फडक्याखाली चालायचा. आता आत घातलेला हात आधी मनगटाला लागणार, आणि तिथे ही गाठ. कधी तरी कुणी ती दाबली, त्याचा बैल चांगला निघाला, आणि झालं! आबांची गाठ दाबून घेतलेला बैल जुवाखाली बसत नाही, असं बाजाराने ठरवून टाकलं. काठी गावाकडून डोंगर उतरून येणारे दाबत, तापीकाठचे गुजर शेतकरी दाबत, आमच्या गल्लीतले शहाणेसुद्धा दाबत. आबा हसून हात पुढे करत. धंदा होता.

मी तेव्हा आमच्या तरुण मंडळाची पत्रकं लिहायचो. तापलेल्या विळ्याने लेकरांच्या पोटावर डाग देणारे भगत, उतारे, अंगात येणं, सगळ्यांवर लिहून झालं होतं. आणि माझ्याच बापाच्या हातावर लोक रोज नवस दाबत होते. सभेत मागून कुणी तरी हमखास ओरडायचं, "आधी तुन्हा बापनी गाठ काप, मंग आमना भगतले बोल!" ओरडणाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याचा संताप यायचा तो त्यामुळेच.

घरातही मी पुस्तकी बोलायचो. आई त्यावरून हसायची. मी म्हणालो, "आबा, ही गाठ काढून टाका."

"काब्र? तुले दुखस का?"

"ती अंधश्रद्धा आहे."

"ती गाठ शे," आबा म्हणाले. "अंधश्रद्धा लोकस्ना डोकामा शे. तठे काप."

तरीही मी त्यांना नंदुरबारला नेलं. तिथे एक वयस्क मुसलमान डॉक्टर होते, पिढ्यान्पिढ्या गावात राहिलेल्या घरातले. त्यांनी गाठ दोन बोटांत धरली, हलवली, सोडली.

"चरबी है. कुछ नहीं."

"मग कापायची की नाही?" मी विचारलं.

"कापा म्हणाल तर कापतो. राहू द्या म्हणाल तर राहू द्या. ती काही करत नाही."

"असं कसं? दोन्हींपैकी एक सांगा."

"हात तुझा आहे का?" त्यांनी विचारलं. ते आबांकडे वळले. "मियाँ, तुम्ही सांगा."

आबांनी एकच विचारलं, "बोटे?"

गाठीला खेटून करंगळीची शीर जाते, डॉक्टरांनी सांगितलं. जपून कापू, पण करंगळी सुन्न पडू शकते. थोडे दिवस, कदाचित कायमची. आबांनी बाही खाली ओढली. "मंग ऱ्हाऊ द्या." डॉक्टरही म्हणाले, मग कापायचं कारण नाही. दलालाचं बोट म्हणजे त्याचा कान. समोरचा काय म्हणतो ते बोटाने ऐकायचं असतं. ते बहिरं झालं तर उपरण्याखाली हात घालण्यात अर्थ नाही. हे मलाही कळत होतं. वाद संपला.

वाद संपला तरी अंधश्रद्धा संपली नव्हती. म्हणून मी पत्रक काढलं. महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता. पतंगाच्या लाल कागदावर छापून घेतलं. "सदर गाठ ही निव्वळ चरबी असून तीत कोणतीही शक्ती नाही. नंदुरबार येथील निष्णात डॉक्टरांनी ती स्वतः तपासली असून, ती निरुपद्रवी असल्यामुळे कापण्याचे कारण नाही असे सांगितले आहे." त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आजही मी त्याखाली सही करीन.

बाजारात वाचता येणारे थोडे, ऐकणारे फार. ऐकणाऱ्यांनी त्यातून काय घेतलं? मोठ्या डॉक्टरने स्वतः हातात धरून पाहिली. वाईट काही निघालं नाही. आणि शेवटी, "डॉक्टरले बी कापता उनी नही!" पुढच्या बाजाराला ज्यांना बैल घ्यायचा नव्हता, विकायचाही नव्हता, असे लोक आले. बाया किरकिरी पोरं काखेत घेऊन आल्या आणि पोराचा पंजा धरून गाठीवर टेकवू लागल्या. एकीने हळदकुंकू लावलं. विकणारे बैलाचा कासरा धरून ताटकळत उभे. आबांचं एक जुनं गिऱ्हाईक, तापीकाठचा गुजर पाटील, लांबून ओरडला, "आबा, आता बैल सोडा, घंटा बांधा!"

पुढचे बरेच बाजार असेच गेले. घरी येईपर्यंत आबांचा हात लाल झालेला असे. एका संध्याकाळी आई खोबरेल चोळत होती. आबा म्हणाले, "सकाय नंदुरबार जास. काढी टाकस."

आता नको म्हणायची पाळी माझी होती. "डॉक्टर म्हणाले ना, गरज नाही? गरज नसताना कापणं हेही शास्त्र नाही."

"तूच म्हने, काढ."

"ते तपासायच्या आधी. आणि करंगळी गेली तर?"

आई म्हणाली, "पोटना धंदा शे. हट नका करा."

आबांनी तिच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. "इतला वरीस लोके मन्हा हात दाबी ऱ्हायनात. दाबू का, म्हनीसन मले कोनी इचारं का? तू बी नही इचारं. त्या म्हनेत दाबू दे, तू म्हने काप. हात मन्हा शे."

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो.

डॉक्टरांनी सुई टोचून जागा बधिर केली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. आबा हाताकडेच पाहत होते. निघाली ती लोण्याच्या गोळ्यासारखी, पिवळट. डॉक्टरांनी ती तसराळ्यात घालून दाखवली. आबा म्हणाले, "इतलीच?" आणि मान वळवली.

जखम सुकली. करंगळी परत आली नाही. आई तिच्यावर गरम पाणी घालायची, मग गार. आबांना दोन्ही सारखंच.

ते तसेच बाजाराला गेले. पहिलाच विकणारा डोंगरातला जुन्या ओळखीचा, पावरा जमातीचा शेतकरी होता. उपरण्याखाली त्याचा हात सवयीने मनगटावर गेला आणि थांबला.

"कोठे गई?"

"इकी टाकी," आबा म्हणाले.

"केवढाले?"

"दलाली न लेता."

भोवतालचे हसले. मग बोटं धरली गेली. आबांनी गुजर पाटलाकडे जाऊन हात दिला, पाटलाने मान डोलावली. इसार हातावर ठेवताना भाव तोंडाने बोलतात. तो ऐकला आणि पावऱ्याने कासरा आखडला. "मी चार बोटे धरात!" आबांना तीनच कळली होती. चौथी करंगळी. पाटील आधी हसला, मग हसायचा थांबला. बैल आल्या वाटेने परत गेला. विकणाऱ्याने एक भाव सांगावा आणि दलालाने दुसरा पोहोचवावा, याला बाजारात एकच नाव आहे, आणि ते नाव त्या दिवशी आबांच्या पाठीमागे दबक्या आवाजात घेतलं गेलं. मी ते ऐकलं. त्यांनीही ऐकलं असणार.

वाटेत मी म्हणालो, "खुलासा करायला हवा. एक पत्रक काढू."

"नको रे बाप!" आबा म्हणाले. गाठ काढून चूक केली असं मात्र ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही नाही.

पुढच्या बाजाराला सौदे सुरू व्हायच्या आधी ते बैलांच्या खुंट्यांमध्ये उभे राहिले. बाही कोपरापर्यंत सारली. व्रण सगळ्यांना दिसला. डाव्या हाताने त्यांनी करंगळी धरून मागे वाकवली, पार मागे.

"दखा रे भो! हाई मन्ही करंगळी मरी गई. तिले धरीसन भाव करशात ते मले कळाव नही. मन्हासंगे अंगठापाईन मोजा. नही जमस त्यानी दुसरा दलाल दखा."

मग गुजर पाटील म्हणाला, "चार बोटांचा दलाल! मग दलालीही चार बोटांचीच का?"

"बैलले बी चारच पाय ऱ्हातस," आबा म्हणाले. "तू त्याना भाव कमी करस का?"

हशा झाला. हशा झाला म्हणून धंदा होत नाही. बरेचजण दुसऱ्या दलालांकडे वळले. त्यांत आबांनी ज्यांच्या बापांचे बैल विकले होते तेही होते. तो पावरा शेतकरी मात्र बैल घेऊन पुन्हा आला होता. बऱ्याच वेळाने तो पुढे आला. उपरण्याखाली हात गेले. त्याने अंगठा ओढला आणि आबांच्या तोंडाकडे पाहिलं. आबांनी कळलं म्हणून मान हलवली. त्याने पुढचं बोट ओढलं, पुन्हा पाहिलं. असं एकेक. इतका वेळ लागला की मागे उभ्या माणसाचा बैल कंटाळून शेण टाकून मोकळा झाला.

आबा पाटलाकडे गेले, परत आले. इसार ठेवताना भाव मोठ्याने बोलला गेला. पावऱ्याने तो ऐकला आणि कासरा पाटलाच्या हातात दिला.

त्या दिवशी तेवढा एकच सौदा जुळला. आबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि ते दुसऱ्या बैलाकडे गेले.